सटवीच्या आधींचा लेख

आपल्याकडे मूल जन्मल्यानंतर सहाव्या रात्रीं सटवी येते आणि बालकाच्या कपाळीं त्याचें प्राक्तन लिहून जाते, अशी समजूत आहे. सातारा-सांगलीकडील कित्येक घरांतून त्या रात्रीं पाटावर कोरा कागद व लेखणी ठेवण्याची चाल अद्यापि आहे. ज्यांचा तीवर विश्वास नाहीं, तेहि वडीलधाऱ्यांच्या समाधानासाठीं रात्रभर दिवा मालवूं देत नाहींत. चाल निरुपद्रवी आहे. तिच्याशीं आमचें भांडण नाहीं. परंतु मुलाच्या हातापायांपुरतें बोलावयाचें, तर त्यांस हलविणाऱ्या पेशींचा लेख सटवी येण्यापूर्वीं आठ महिने लिहिला जाऊं लागलेला असतो. तो आईच्या उदरांत लिहिला जातो, आणि त्या वेळीं पुष्कळदा तिला स्वतःलाहि दिवस गेल्याची खात्री झालेली नसते. हा लेख कोण लिहितो, कसा लिहितो आणि त्यांत उणें राहिलें तर दोष कोणाचा, हें आज पाहावयाचें आहे.

विषय नुसत्या कुतूहलाचा नव्हे. ज्या घरीं अधू मूल जन्मास येतें, तेथें पहिलें बोट बहुधा सुनेकडे वळतें. तिनें ग्रहणांत विळी हातीं धरली, नको असतां प्रवास केला, अमुक खाल्लें, तमुक टाळलें नाहीं, अशीं कारणें एकामागून एक शोधून काढण्यांत येतात. शिकलेल्या घरांतहि हें घडतें. तेथें शब्द तेवढे सभ्य असतात. म्हणून गर्भांत वस्तुतः काय होतें, हें घरांतील वडील मंडळींनींच आधीं समजून घेतलें पाहिजे.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत गर्भाचें कोणतें अंग प्रथम निर्माण होतें, याविषयीं एक रमणीय वाद दिलेला आहे. शौनक म्हणतो, आधीं शिर. कृतवीर्य म्हणतो, हृदय. पाराशर्याच्या मतें नाभि. मार्कंडेयाच्या मतें हातपाय. आणि सुभूति गौतमाचें म्हणणें, शरीराचा मध्यभाग. शेवटीं धन्वंतरि सर्वांस बाजूस सारून सांगतो कीं, सर्व अंगें एकदमच निर्माण होतात. मात्र तीं इतकीं सूक्ष्म असतात कीं दृष्टीस पडत नाहींत. आंब्याच्या कोंवळ्या फळांत कोय, गर व केसर वेगळे दिसत नाहींत, तसें हें आहे. यावरून आमच्या पूर्वजांस सर्व कांहीं ठाऊक होतें असा डांगोरा पिटण्याचें कारण नाहीं. त्यांच्यापाशीं सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हतें, आणि धन्वंतरीचें उत्तर आज जसेंच्या तसें मान्य होणारें नाहीं. अंगें क्रमानेंच उत्पन्न होतात. पण प्रश्न त्यांनीं नेमका विचारला होता. जें प्रारंभीं एकसारखें दिसतें, त्यांत भेद केव्हां व कशानें उत्पन्न होतो, हाच आजच्या गर्भशास्त्राचाहि मुख्य प्रश्न आहे.

आतां हातपाय हलतात कसे, तें थोडक्यांत पाहूं. मुलगा पाण्याच्या भांड्याकडे हात नेतो, तेव्हां मेंदूच्या पृष्ठभागांतील पेशी आज्ञा देतात. त्यांचे तंतु मेंदूच्या बुंध्याशीं बहुतांशीं उजवे-डावे बदलून पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत उतरतात. तेथें दुसऱ्या पेशी ती आज्ञा घेऊन स्वतःचा तंतु थेट स्नायूंत धाडतात. जिल्हाधिकाऱ्यानें हुकूम काढावा आणि गांवच्या तलाठ्यानें तो बजावावा, तशी ही दोन पायऱ्यांची व्यवस्था आहे. पहिलीस वरची व दुसरीस खालची प्रेरक चेतापेशी म्हणतात. पायाचा आंगठा हलविणाऱ्या खालच्या पेशीचा देह कण्याच्या खालच्या भागांत असतो. तो नुसत्या डोळ्यांस दिसणार नाहीं इतका लहान, आणि त्याचा तंतु मात्र मोठ्या माणसांत सुमारें एक मीटर लांब! पोलिओचा विषाणु याच खालच्या पेशींवर घाला घालीत असे. एकदां मेलेली पेशी पुन्हां उत्पन्न होत नाहीं, म्हणून पोलिओनें लुळा पडलेला पाय जन्माचा लुळा राहात असे. २०११ च्या जानेवारींत हिंदुस्थानांतील शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रोगी आढळला, आणि २०१४ सालीं देश या रोगापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. आमच्या पिढीनें मात्र वर्गावर्गांतून कुबड्या पाहिलेल्या आहेत. या चिमुकल्या पेशींची किंमत आम्हांस कोणी समजावून सांगावयास नको.

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यांत गर्भाच्या पाठीवर पेशींचा एक सपाट पट्टा तयार होतो. त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जाऊन मध्यें जुळतात व त्यांची नळी होते. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास ही मज्जानलिका दोन्ही टोंकांस मिटलेली असते. पुढल्या टोंकाचा मेंदु होतो, मागील भागाचा मज्जारज्जु होतो. नळीच्या भिंतींतील पेशी आरंभीं एकाच पाठशाळेंतील नव्या विद्यार्थ्यांसारख्या असतात. कोण पुढें काय होणार, तें पाहून सांगतां येत नाहीं. तथापि थोड्याच दिवसांत पोटाकडील भागांत प्रेरक पेशी आणि पाठीकडील भागांत स्पर्श-वेदनांच्या वार्ता घेणाऱ्या पेशी तयार होतात. हा अदलाबदल न होणारा क्रम कोण लावून देतो?

या बाबतींत मानवजात कोंबडीच्या अंड्याची फार ऋणी आहे. अंड्याच्या कवचास लहानशी खिडकी पाडली, कीं आंतला गर्भ जिवंतपणीं पाहतां येतो आणि त्यावर शस्त्रकर्महि करतां येतें. आपल्या प्रांतीं लीला मुल्हेरकर यांनीं एडिंबरो येथें वॅडिंग्टन या गर्भशास्त्रज्ञाच्या हाताखालीं अध्ययन केलें, आणि परत आल्यावर पुणें विद्यापीठांत कोंबडीच्या गर्भावरील अभ्यासाची परंपरा रुजविली, ही गोष्ट अभिमानानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. असो. मज्जानलिकेच्या लगत खालून एक बारीक दोरीसारखा अवयव जातो. त्यास पृष्ठरज्जु म्हणतात. मनुष्यांत पुढें तो कण्याच्या मणक्यांमधील गाद्यांत शेषरूपानें उरतो. अमेरिकेंतील टॉमस जेसेल व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९९१ सालीं दाखवून दिलें कीं, दुसऱ्या गर्भाचा पृष्ठरज्जु आणून नलिकेच्या कडेस ठेवला, तर जेथें एरव्हीं कधींहि होणार नाहींत अशा त्या जागीं प्रेरक पेशी तयार होतात. आणि मूळचा पृष्ठरज्जु वेळींच काढून टाकला, तर त्या ठिकाणीं प्रेरक पेशी होतच नाहींत. म्हणजे पेशीस तिचें काम शेजाऱ्यानें सांगितलें!

शेजारी सांगतो तें कोणत्या भाषेंत? तो एक प्रथिन बाहेर सोडतो. या प्रथिनाचें नांव ऐकून वाचकांस हंसूं येईल. फळांवरील माशीच्या अळीवर एका जनुकाच्या बिघाडानें दाट कांटे दिसूं लागले, म्हणून त्या जनुकास ‘हेजहॉग’ म्हणजे कांटेरी अंगाच्या एका लहान प्राण्याचें नांव मिळालें. पुढें १९९३ सालीं कण्याच्या प्राण्यांत त्याचे भाऊबंद सांपडले, तेव्हां त्यांपैकीं एकास मुलांच्या खेळांतील एका पात्रावरून ‘सॉनिक हेजहॉग’ असें नांव देण्यांत आलें. नामकरणाच्या बाबतींत पाश्चात्य शास्त्रज्ञांनीं यास्काचार्यांचा विचार घेतला नाहीं, हें उघड आहे. पण नांव हलकें असलें तरी काम थोर आहे.

हें प्रथिन पृष्ठरज्जूपासून आणि नलिकेच्या तळापासून वर पसरतें. जवळ दाट, दूर विरळ. माघ-फाल्गुनांत सांगलीच्या आसपास शेतांतून हळद शिजत असते. डोळे मिटून चालणाऱ्या मनुष्यासहि तिचा वास वाढला कीं चूल जवळ आली, आणि मंदावला कीं मागें पडली, हें कळतें. नलिकेंतील पेशी अशाच वासावरून आपली जागा ओळखतात. अत्यंत दाट असेल तेथें एक प्रकारच्या पेशी, त्याहून किंचित् विरळ तेथें प्रेरक पेशी, त्याहून विरळ तेथें त्यांना आवरून धरणाऱ्या व जोडणाऱ्या मधल्या पेशी. दोन-तीन पटींच्या फरकानें पेशीचा जन्मभराचा व्यवसाय बदलतो, असें काचेच्या तबकडींतील प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. केवळ दाटपणाच नव्हे, तर तो संदेश किती वेळ पोंचत राहिला, हेंहि पेशी मोजते.

येथें एक शंका चतुर वाचकाच्या मनांत येईल. वास तर हळूहळू कमी होतो. मग एका प्रकारच्या पेशी संपून दुसऱ्या सुरू होतात ती सीमा इतकी रेखीव कशी? याचें उत्तर फार मार्मिक आहे. प्रत्येक पट्ट्यांतील पेशी आपलें विशिष्ट नियामक प्रथिन तयार करतात, आणि तें प्रथिन शेजारच्या पट्ट्याच्या प्रथिनाचें जनुक बंद पाडतें. प्रेरक पेशींच्या पट्ट्यांत ऑलिग-२ नांवाचें प्रथिन असतें; वरच्या अंगास इर्क्स-३ आणि खालच्या अंगास एनकेएक्स २.२ असतें. एका पेशींत दोघांचें राज्य चालत नाहीं. एक जिंकतो व दुसरा निघून जातो. दोन भाऊबंदांच्या शेतांतील बांधासारखें हें आहे. दोघेहि सारख्या जोरानें रेटतात, म्हणूनच बांध सरळ राहतो. आणखी गंमत अशी कीं, ऑलिग-२ च्या याच शेतांत आधीं प्रेरक पेशींचें पीक निघतें, आणि तो हंगाम संपल्यावर तंतूंस वेष्टन घालणाऱ्या निराळ्या पेशींचें पीक निघतें. जमीन एक, खरीप वेगळा, रब्बी वेगळी.

येथवर पेशीला ‘तूं प्रेरक आहेस’ एवढेंच कळलें. पण हाताची कीं पायाची, मांडीची कीं पोटरीची? त्यासाठीं दुसरी खूण लागते, आणि ती डोक्याकडून शेपटाकडे जाणाऱ्या रेषेवर असते. हॉक्स नांवाचीं जनुकें गुणसूत्रावर ज्या क्रमानें मांडलेलीं असतात, त्याच क्रमानें तीं शरीराच्या लांबीवर कामास लागतात. कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज हीं स्थानकें जशीं लोहमार्गावर क्रमानें येतात, तसा हा क्रम असतो. सहाव्या गटाचीं हॉक्स प्रथिनें जेथें असतात तेथील पेशी हाताकडे तंतु धाडतात, नवव्या गटाच्या पेशी छातीच्या स्नायूंकडे, आणि दहाव्या गटाच्या पायाकडे. येथेंहि शेजारील गट एकमेकांस दाबून सीमा राखतात. मेंदूच्या बुंध्यांतहि हीच लिपि चालते. तेथील चौथ्या खंडांत हॉक्स-बी १ हें जनुक असतें आणि चेहऱ्याच्या स्नायूंस हलविणाऱ्या पेशी तेथें तयार होतात. ज्या मनुष्यांत या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात, त्यांस जन्मापासून हंसतां येत नाहीं. चेहरा निश्चल राहतो.

जन्मानें कीं संस्कारानें, हा वाद आपल्या समाजांत जुना आहे. तो पेशींपुरता तरी गर्भशास्त्रज्ञांनीं प्रयोगानें सोडविला. नलिका मिटण्याच्या सुमारास कोंबडीच्या गर्भांतील हातांच्या पातळीवरचा तुकडा छातीच्या पातळीवर बसविला, तर त्यांतून छातीस शोभणाऱ्या प्रेरक पेशी निघतात. नव्या शेजाऱ्यांनीं त्यास नवें शिक्षण दिलें. परंतु पुढें अडीच दिवसांच्या सुमारास पायांच्या पातळीवरचा तुकडा उलटा करून बसविला, तर त्यांतील पेशी नव्या जागेवरूनहि वाट वांकडी करून आपल्या मूळच्याच स्नायूकडे तंतु पोंचवितात. हा दुसरा प्रयोग लान्स-जोन्स व लँडमेसर या दोघी विदुषींनीं १९८० सालीं प्रसिद्ध केला. तात्पर्य, आरंभीं जागा व सहवास सर्व कांहीं ठरवितात. ठराविक वेळ टळल्यावर तो संस्कारच पेशीची प्रकृति होऊन बसतो. चाळीस वर्षें खडू झिजवून आम्हांस मुलांविषयीं जें वाटत आलें, तें यापासून फार दूर नाहीं. तथापि पेशीवरून मनुष्याचा सिद्धांत काढूं नये. पेशीस दुसऱ्यांदा संधि मिळत नाहीं; विद्यार्थ्यास ती देतां येते, आणि दिली पाहिजे.

खालच्या पेशींचें झालें. वरच्या, म्हणजे मेंदूंतील प्रेरक पेशींस ओळख कशी लाभते, यावर मुंबईंतच मोलाचें काम झालें आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत शुभा टोळे या १९९९ सालापासून मेंदूच्या घडणीचा अभ्यास करीत आल्या आहेत. त्यांस २०१० सालीं भटनागर पारितोषिक व २०१४ सालीं इन्फोसिस पारितोषिक मिळालें. उंदराच्या गर्भावर प्रयोग करून त्यांच्या चमूनें अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर २००८ सालीं असें दाखविलें कीं, एलएचएक्स-२ हें एक जनुक मेंदूच्या पेशीस ‘तूं बाह्यस्तराची हो’ असें सांगतें. ज्या पेशींत तें नाहीं त्या सीमेवरील एका निराळ्याच ऊतीच्या होतात, आणि स्वतः सूत्रधार बनून शेजारच्या पेशींकडून स्मृतीशीं निगडित असा भाग भलत्या जागीं तयार करवितात. १९२४ सालीं स्पेमान व हिल्डे मान्गोल्ड यांनीं बेडकाच्या जातीच्या प्राण्यांत शोधून काढलेल्या सूत्रधार ऊतीचें स्मरण व्हावें असाच हा प्रकार आहे. पुढें २०१७ मध्यें त्याच प्रयोगशाळेंतून आणखी एक गोष्ट पुढें आली. बाह्यस्तराच्या पांचव्या थरांत ज्या पेशी मज्जारज्जूकडे लांब तंतु धाडतात, त्यांची ओळख फेझएफ-२ या जनुकानें ठरते. आणि एलएचएक्स-२ त्याला लगाम घालतें. लगाम सुटला तर अशा पेशी जास्त होतात, लगाम आवळला तर कमी. हुकूम देणारे किती असावेत, हेंहि कोणीतरी मोजून ठरवितो!

एक शेवटची गोष्ट. गर्भ लागतात त्याहून पुष्कळ अधिक प्रेरक पेशी निर्माण करतो. कोंबडीच्या गर्भांत त्यांपैकीं सुमारें निम्म्या जन्मापूर्वींच नाहींशा होतात. ज्यांच्या तंतूंस स्नायूचा आधार मिळतो त्या जगतात. व्हिक्टर हँबर्गर यानें १९३४ सालीं गर्भाच्या पंखाचा अंकुर काढून टाकला, तेव्हां त्या बाजूच्या प्रेरक पेशी फार थोड्या उरल्याचें त्यास आढळलें. त्याचा खरा अर्थ पुढें रीटा लेव्ही-मोंटाल्चिनी या इटालियन विदुषीनें उलगडला. महायुद्धांत ज्यू म्हणून विद्यापीठाचीं दारें तिला बंद झालीं असतां तिनें निजावयाच्या खोलींत प्रयोगशाळा थाटून अंड्यांवर काम केलें. पुढें १९८६ सालीं तिला नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येऊं. वरील सर्व वर्णनांत विळीस, ग्रहणास किंवा सासुरवाशिणीच्या प्रवासास कोठेंहि जागा नाहीं, हें वाचकांच्या लक्षांत आलें असेल. महत्त्वाचे निर्णय चौथ्या आठवड्याच्या आगेमागेंच होऊं लागतात. ज्या रोगांत प्रेरक पेशींची ओळख नीट ठरूनहि त्या पुढें क्षीण होऊन मरतात, त्यांपैकीं बालकांतील मुख्य रोगाचें जनुक १९९५ सालीं सांपडलें. तो रोग बहुधा आई व बाप दोघांकडून एकेक सदोष प्रत आली तरच होतो. दोघेहि स्वतः निरोगी असतात. आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणजे मुलाच्या बापाचा वाटा तंतोतंत अर्धा. सुनेस बोल लावणाऱ्या सासूनें हा हिशेब आधीं आपल्या मुलासमोर मांडावा.

करण्यासारखी गोष्ट मात्र एक आहे. मज्जानलिका मिटण्यांत उणें राहिलें, तर कण्यांत फट राहून पाय अधू होतात. हा दोष पेशींच्या ओळखीचा नव्हे, नळीच्या मिटण्याचा. पण त्या घरास दुःख तेंच. फॉलिक आम्ल या जीवनसत्त्वानें तो पुष्कळ अंशीं टळतो. ज्या स्त्रियांस पूर्वीं असें मूल झालें होतें त्यांच्यांत त्यानें पुनरावृत्ति ७२ टक्क्यांनीं घटली, असा निष्कर्ष ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनें १९९१ सालीं प्रसिद्ध केला. सामान्यतः दररोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतें. पूर्वीं असें अपत्य झालेल्या स्त्रीस वैद्य अधिक मात्रा देतात. मात्र तें दिवस राहण्यापूर्वींपासून घेतलें पाहिजे. डोहाळजेवणाच्या वेळीं सुरू केलेल्या गोळ्या या कामीं निरुपयोगी आहेत. नळी कधींच मिटून गेलेली असते. तसेंच मुरुमांवर देण्यांत येणारें आयसोट्रेटिनॉइन हें औषध गर्भास अत्यंत घातक आहे. अ जीवनसत्त्वापासून होणारें ज्या जातीचें आम्ल गर्भांत हॉक्स जनुकांस इशारा देतें, त्याच जातीचें तें आहे. दिवस राहण्याचा संभव असलेल्या स्त्रीनें तें वैद्यास विचारल्यावांचून कदापि घेऊं नये.

एकत्र कुटुंबांत या गोष्टी नववधूनें स्वतः तोंड उघडून मागाव्या, अशी अपेक्षा धरणें बरें नव्हे. लग्नाच्या याद्या करतांना आपण शालू-पैठण्यांची, मानपानाची नोंद बारकाईनें करतों. त्याच यादींत वैद्याची एक भेट आणि या स्वस्त गोळ्यांची एक ओळ घरांतील वडील स्त्रीनें आपल्या हातानें लिहावी. आणि इतकें करूनहि एखादें मूल अधू जन्मलें, तर त्याच्या आईस कोणी कांहीं विचारूं नये. तिच्या हातांतलें मूल क्षणभर आपण घ्यावें, म्हणजे तिला चार घांस सुखानें खातां येतील.